चेंडू पडेल तिथून

गोल्फ हा आपला खेळ नव्हे, हे आमच्या डोंबिवलीच्या वन-बीएचकेमध्ये न बोलताच ठरलेलं होतं. आपला खेळ म्हणजे क्रिकेट, तोही टीव्हीसमोर, पोह्यांच्या डिशसकट. त्यामुळे शिमल्याच्या ट्रिपमध्ये ‘उद्या नालदेहराला गोल्फ खेळायला जाऊया’ असं मी म्हटल्यावर आईने सरळ मावशीला घेऊन मॉल रोडवर शाली बघायचं जाहीर केलं. बाबा मात्र म्हणाले, ‘चल, मी येतो. बघू तरी साहेबलोक काय करतात.’

एक गोष्ट त्यांना माहीत नव्हती. तीन महिन्यांपूर्वी मी नोकरी सोडली होती. घरच्यांच्या लेखी मी ‘मोठ्या सुट्टीवर’ होते. एकाच सरकारी ऑफिसात चौतीस वर्षं काढलेल्या माणसाला ‘फ्रीलान्स’ हा शब्द कसा समजावणार? रोज रात्री जेवताना सांगायचं ठरवायचे आणि रोज नुसतीच भाजी वाढून घ्यायचे.

शिमल्याहून मशोब्रामार्गे साधारण २२ किलोमीटर. टॅक्सीतून उतरलं की आधी देवदारांचा वास येतो, हिरवळ नंतर दिसते. हे मैदान लॉर्ड कर्झनच्या काळातलं. हो, तोच, १९०५ मध्ये बंगालची फाळणी करणारा. शाळेच्या पुस्तकात आपला व्हिलन. पण या जागेवर स्वारी इतकी फिदा की १९०४ साली जन्मलेल्या धाकट्या मुलीचं नाव ठेवलं अलेक्झांड्रा नालदेरा.

‘आम्ही लग्नानंतर माथेरानला गेलो होतो,’ बाबा म्हणाले, ‘तरी तुझं नाव माथेरान नाही ठेवलं.’

इथे खेळायला बड्या बापाची बेटी असावं लागत नाही. ग्रीन फी भरा, क्लब्ज भाड्याने घ्या, सोबत कॅडी घ्या आणि चालायला लागा. १८ होल्स, पार ६८. म्हणजे चांगल्या खेळाडूने सगळा कोर्स ६८ फटक्यांत संपवावा. जितके फटके कमी, तितके तुम्ही भारी.

‘कमी मार्कांना पहिला नंबर? तू शाळेत असताना हेच खेळायला हवं होतंस!’

एका लेखासाठी मी ड्रायव्हिंग रेंजवर चार धडे घेतले होते. पण तिथली जमीन सपाट होती. इथे एक पाय वर, एक खाली, समोर उतार आणि पलीकडे थेट दरी. दोन हजार मीटरवरची हवा विरळ, त्यामुळे चेंडू जास्त लांब जातो म्हणे. माझा पहिला चेंडू जागचा हललाच नाही. उडाली ती माती.

‘मॅडम, नज़र बॉल पे रखो,’ कॅडी भैया म्हणाले. ‘पहाड़ कहीं नहीं जाएगा।’

तिसऱ्या होलला माझा चेंडू देवदाराच्या मुळांत जाऊन अडकला. इकडेतिकडे बघून मी बुटाच्या टोकाने त्याला हळूच बाहेर ढकललं. कॅडीने पाहिलं. बाबांनीही पाहिलं. कॅडी हसत म्हणाला, नियम सोपा आहे. चेंडू पडेल तिथूनच मारायचा. जमणारच नसेल तर एक फटका पेनल्टी घ्या आणि बाजूला ठेवा. पण सांगून.

मी चेंडू परत मुळांत नेऊन ठेवला. काय झालं कोण जाणे, पण क्लब हातात तसाच धरून मी म्हटलं, ‘बाबा, मी नोकरी सोडली.’

‘केव्हा?’

‘तीन महिने झाले.’

बाबा दरीकडे बघत राहिले. कॅडी समजूतदारपणे पुढे चालायला लागला. मी मनातल्या मनात सगळी उत्तरं तयार केली होती: पॅशन, कॉन्टॅक्ट्स, दोन मासिकांची कामं. बाबांनी यातलं काहीच विचारलं नाही.

‘पीएफ काढलास?’

‘नाही.’

‘काढू नकोस.’ मग जरा वेळाने, ‘रोज डबा घेऊन कुठे जायचीस मग?’

‘लायब्ररीत. तिथेच लिहीत बसायचे.’

‘घरी बसून लिहायचंस की. पंख्याखाली.’

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बाबा रागावले असते तर सोपं गेलं असतं. त्यांनी कॅडीला हाक मारली, पेनल्टीचा एक फटका माझ्या नावावर लिहायला सांगितला आणि स्वतः क्लब मागून घेतला. टेनिसक्रिकेटमधला जुना स्क्वेअर कट मारावा तसा त्यांनी तो फिरवला. चेंडू कुठे गेला ते तिघांपैकी कुणालाच दिसलं नाही.

आम्ही सहाच होल्स खेळलो. माझे फटके पन्नासच्या पुढे गेल्यावर कॅडीने माझ्या प्रेमाखातर मोजणं थांबवलं.

संध्याकाळी हॉटेलवर आईने शालींच्या ढिगातून मान वर करून विचारलं, ‘मग, कोण जिंकलं?’

‘हिचे फटके जास्त झाले,’ बाबा म्हणाले.

‘म्हणजे ही जिंकली?’

बाबांनी माझ्याकडे बघितलं. ‘ते तीच सांगेल तुला. जेवण झाल्यावर.’