दुसरा गठ्ठा

महसूल खात्यात संकलन हाती आलं की पहिल्याच आठवड्यात सहा गठ्ठा पद्धत शिकवली जाते. रोजच्या कार्यवाहीची प्रकरणं पहिल्या गठ्ठ्यात, कुणाच्या तरी उत्तराची वाट पाहणारी दुसऱ्यात. मग नियतकालिकं, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायची निकाली प्रकरणं आणि शेवटी नष्ट करायचे कागद. अव्वल कारकून म्हणून नव्या लिपिकाचं टेबल तपासताना मी आधी दुसरा गठ्ठा सोडतो. पहिल्यावर साहेबांची नजर असते. दुसऱ्याकडे कुणीच बघत नाही, आणि माणसांची कामं अडतात ती तिथंच.

रस्त्याचं प्रकरण घ्या. जमीन महसूल अधिनियम, १९६६च्या कलम १४३खाली शेतकरी बांधावरून रस्ता मागतो. अर्ज बारनिशीत येतो, आवक क्रमांक पडतो, कार्यविवरण नोंदवहीत नोंद होते. संचिकेत टिपणी वेगळी, पत्रव्यवहार वेगळा, दोन्हींना स्वतंत्र पृष्ठक्रमांक. मंडळ अधिकाऱ्याकडून स्थळपाहणीचा अहवाल मागवणारं पत्र जावक झालं की संचिका दुसऱ्या गठ्ठ्यात जाते. इथवर बहुतेकांचं बरोबर असतं.

पुढं बरेच जण हा गठ्ठा प्रकरण क्रमांकानं लावतात. दिसायला तो छान दिसतो, पण आज कोणती संचिका उघडायची ते त्यातून कळत नाही. मी तो पुढच्या तारखेनं लावायला सांगतो. सर्वांत जवळची तारीख वर, आणि कव्हरवर एक चिठ्ठी: कुणाकडून, काय, कधीपर्यंत.

ती तारीख ठरवणं मला या कामातलं सगळ्यात कसबाचं वाटतं. सवयीनं सगळ्यांना पंधरा दिवस घालता येतात. पण रस्त्याचा अर्ज मार्चअखेरीला आला असेल, तर त्या माणसाला मृगाआधी ट्रॅक्टर शेतात न्यायचा असतो. अहवाल, शेजाऱ्यांना नोटिसा, सुनावणी, आदेश, हे सगळं त्याआधी बसवायचं, म्हणजे मृगापासून मागं मोजत यायचं. तसं मोजलं की पहिलं स्मरणपत्र आठवड्यातच निघायला हवं हे आपोआप कळतं. याउलट बांधाची मोजणी भर पावसाळ्यात मागवली असेल, तर उभ्या पिकात ती नीट होत नाही; तिथं खरीप निघाल्यावरची तारीख घालावी, कारण टिपणीत लिहावं आणि अर्जदारालाही कळवावं. टेबलावर बसून तारीख घालणाऱ्याला शिवारात काय उभं आहे ते माहीत असायला हवं, असं मी हट्टानं म्हणतो.

कारण लिहिण्याचा उपयोग पुढच्या माणसालाही होतो. बदल्या एप्रिल-मेमध्ये होतात, म्हणजे रस्त्याच्या प्रकरणांची घाई नेमकी अंगावर असताना. नवा लिपिक येतो, दुसऱ्याच दिवशी खिडकीशी कुणीतरी विचारतं, ‘भाऊसाहेब, माझ्या रस्त्याचं काय झालं?’ चिठ्ठी आणि टिपणी वाचून त्याला उभ्याउभ्या उत्तर देता यावं. अभिलेख सूचीबद्ध ठेवण्याचं बंधन माहिती अधिकार कायद्यानंही २००५पासून घातलंय, कलम ४मध्ये. पण खिडकीशी आलेला माणूस कलम सांगत नाही. तो एक दिवसाची मजुरी बुडवून आलेला असतो.

प्रकरण निकाली निघालं की वर्ग त्याच हातानं घालावा: अ कायमचा, ब तीस वर्षांचा, क दहा, ड एक वर्षाचा. सूची समोर असतेच, पण संचिकेत खरोखर काय आहे ते ती चालवणाऱ्यालाच ठाऊक असतं. वर्षभरानं कुणी तिसऱ्यानं नुसतं कव्हर पाहून वर्ग घातला, की नातवंडांच्या वाटणीत लागणारा नकाशा ‘ड’मध्ये जाऊ शकतो.

आता ई-ऑफिस आलं. संचिका हरवत नाही, कुणाकडे किती दिवस आहे ते दिसतं, हा मोठाच लाभ. तरीही किती दिवस झाले हे पडदा सांगतो. किती दिवस उरलेत हे शेतावर आणि पावसावर ठरतं. म्हणून संगणकावर काम करणाऱ्या मुलांनाही मी प्रतीक्षाधीन प्रकरणांची यादी तारखेनं लावायला लावतो, आणि सोमवारी टपाल फोडण्याआधी ती माझ्यासोबत वाचायला बसवतो.