गाडी हलते? पण केव्हा?

मैत्रिणींनो, घरातलं मूल आजारी पडलं की आपण डॉक्टरांकडे जाऊन नुसतं ‘बरं नाही’ असं सांगत नाही. ताप दुपारी चढतो की रात्री, खोकला कोरडा आहे की कफाचा, उलटी खाल्ल्यावर होते की रिकाम्या पोटी, सगळं सांगतो. निम्मं निदान तिथंच होतं. तीच आई गाडी गॅरेजात नेते तेव्हा मात्र ‘जरा हलतेय हो, बघा’ एवढंच म्हणते आणि हातात येईल ते बिल मुकाट्यानं भरते. असं का बरं?

आपल्या पेणकडे गाडी हलण्याचं कुणाला नवलच वाटत नाही. मुंबई-गोवा महामार्गाचं रुंदीकरण २०११ साली सुरू झालं आणि खड्डे नि वळवलेले रस्ते अंगवळणीच पडले. गाडी थरथरली की रस्त्याला नावं ठेवून आपण मोकळ्या! पण चांगल्या रस्त्यावरही अ‍ॅक्सिलरेटर दाबला की गाडी हलते आणि पाय काढला की शांत होते, असं असेल तर दोष रस्त्याचा नाही, गाडीचा आहे. सुकेळी खिंडीत ट्रकला ओलांडताना ऐन वेळी गाडीनं कच खाल्ली तर काय होईल, हे मी सांगायला नको.

आता इंजिनात काय बिघडतं ते बघू. मोठी गणेशमूर्ती कारखान्यातून टेम्पोपर्यंत चौघंजण उचलून नेतात ना? चौघांची पावलं जुळली की मूर्ती संथ चालते. एकाचा हात सैल पडला तर बाकीचे तिघं नेतात खरे, पण मूर्ती डुलते, आणि पायरी चढताना तर जास्तच. पेट्रोल गाडीच्या इंजिनात बहुधा तीन किंवा चार सिलिंडर असतात. प्रत्येकात प्लगची ठिणगी पडून पेट्रोल पेटतं. एकात ठिणगी चुकली की गाडी गचके देते. यालाच गॅरेजवाले ‘मिसिंग मारतेय’ म्हणतात. इंजिनावर भार पडला की सिलिंडरमधला दाब वाढतो आणि ठिणगीला जास्त जोर लागतो. म्हणून झिजलेला प्लग किंवा कमजोर कॉइल सपाटीवर निभावून नेते, पण कार्लेखिंड चढताना उघडी पडते.

मात्र प्रत्येक हादरा इंजिनाचाच असतो असं नाही हं. ठराविक वेगालाच, समजा ऐंशीच्या पुढं, गाडी हलते आणि अ‍ॅक्सिलरेटर सोडला तरी तशीच हलत राहते? मग आधी चाकांचं बॅलन्सिंग करून घ्या. चाक नुकतंच बदललं असेल तर गाडी लगेच थांबवून नट घट्ट आहेत ना ते पाहा. पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडतानाच थरथरते? मग संशय क्लचवर. उभ्या गाडीत इंजिन चालू असतानाही अंग हलतं? मग प्लग, कॉइल किंवा इंजिनाखालची रबरी माऊंटिंग. आणि सरळ रस्त्यावर जोर दिला की पुढची बाजू डोलते, चाकाच्या आतल्या अंगाला ग्रीस उडालेलं दिसतं? मग चाकांना फिरवणाऱ्या दांड्याचा सांधा बघायला सांगा. त्याच्यावरचा रबरी बूट फाटला की चिखलपाणी आत जातं आणि सांधा झिजतो.

आमच्या गाडीचंच सांगते. एका गॅरेजात गाडी न चालवताच ‘क्लचप्लेट गेली’ असं ठरलं. आमचे हे तयारही झाले होते. मी म्हटलं, “अहो, तिसऱ्या गिअरमध्ये, क्लचवर पाय नसताना हलते. मग क्लच कसा?” त्यावर, ‘ताई, तुम्हाला नाही कळायचं!’ आम्ही गाडी दुसरीकडे नेली. तिथल्या मुलानं माझं ऐकून घेतलं आणि गाडीला यंत्र जोडलं. पी ०३०२ असा कोड आला, म्हणजे दुसऱ्या सिलिंडरमध्ये मिसिंग. पण कोड फक्त जागा सांगतो, दोष कुठल्या भागाचा ते नाही. म्हणून त्यानं दुसऱ्या सिलिंडरची कॉइल तिसऱ्यावर लावली. कोड बदलून पी ०३०३ झाला! दोष कॉइलबरोबर सरकला, म्हणजे कॉइलच खराब. एका कॉइलवर काम भागलं, क्लचला हातही लावावा लागला नाही.

‘बायकांना यंत्रातलं काय कळतं’ असं म्हणणाऱ्यांना बर्था बेंझची गोष्ट जरूर सांगा. मोटारीचे जनक कार्ल बेंझ यांची ही पत्नी. १८८८ च्या ऑगस्टमध्ये नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना घेऊन ती जर्मनीत मानहाइमहून फोर्ट्झहाइमला मोटारीनं गेली. शंभरएक किलोमीटरचा प्रवास! वाटेत इंधनाची नळी तुंबली ती तिनं टोपीच्या पिनेनं मोकळी केली.

एक गोष्ट मात्र अगदी लक्षात ठेवा. इंजिनाचा पिवळा दिवा नुसता लागला तर लवकर दाखवून घ्या, पण तो लुकलुकायला लागला आणि गाडी हलत असेल तर जोर देऊ नका. न जळलेलं पेट्रोल धुराच्या नळीतल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरपर्यंत जातं, तो तापून निकामी होतो, आणि मग दुरुस्तीचा खर्च कितीतरी पटींनी वाढतो. गाडी बाजूला घ्या आणि मेकॅनिकला बोलवा.

आणि गॅरेजात जाण्याआधी एका कागदावर एवढं लिहून न्या: कुठल्या गिअरमध्ये, किती वेगाला, चढावर की सपाटीवर, इंजिन थंड असताना की तापल्यावर, स्टिअरिंग हलतं की बसायची सीट, कुठला दिवा लागला. मेकॅनिकला शेजारी बसवून एक चक्कर मारा. काम झाल्यावर काढलेला जुना भाग मागून घ्या आणि कोड पुसून पुन्हा तपासायला सांगा. चांगला मेकॅनिक यातल्या कशालाच नाही म्हणणार नाही.