एका सालगड्याचा माग

आयोवात आमच्या शेजारच्या आजींना त्यांच्या आजीच्या भावाचा शोध घ्यायचा होता. जन्मभर दुसऱ्यांच्या शेतावर राबलेला माणूस. लग्न नाही, जमीन नाही, त्यामुळे खरेदीखत नाही की मृत्युपत्र नाही. 'त्याने घर तोडलं' एवढंच आजी लहानपणापासून ऐकत आल्या होत्या.

अमेरिकेत जनगणनेचे मूळ कागद ७२ वर्षांनी खुले होतात. १८८० मध्ये हा सहा वर्षांचा, आईबापांजवळ. १८९० चे कागद बहुतेक नष्ट झालेत (१९२१ ची आग), म्हणून एकदम १९००. परक्या कुटुंबाच्या यादीत शेवटचं नाव, नातं 'सर्व्हंट', धंदा 'फार्म लेबरर'. आपला सालगडीच म्हणा ना! १९१० ला मालक वेगळा, शब्द तेच. (इथे गणना करणाऱ्याने आडनावाची अशी काही वाट लावली होती की माझा आठवडा त्यातच गेला.)

खरा माणूस भेटला तो सप्टेंबर १९१८ च्या लष्करी नोंदणीच्या कार्डावर. उंची मध्यम, बांधा सडपातळ, डोळे निळे. आणि 'जवळचा नातेवाईक' या रकान्यात बहीण, सासरच्या नावानिशी, पूर्ण पत्त्यासकट! हे वाचून दाखवलं तेव्हा आजी बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

१९४० मध्ये तो दुसऱ्याच एका शेतावर आहे. आदल्या वर्षी काम ४० आठवडे, मजुरी ३०० डॉलर. त्या वर्षी माहिती देणाऱ्याच्या नावापुढे वर्तुळात फुली करत. ती मालकिणीच्या नावापुढे आहे.

१९५० ची यादी २०२२ मध्ये खुली झाली. तीत तो नाही. आता त्या काउंटीच्या मृत्युनोंदी मागवल्यात.