बंद पेटी, खुली पेटी

इंग्रजीत स्पीकरांची बारशी पशुपक्ष्यांवरून झाली आहेत. उंच स्वर देणारा तो चिवचिवणारा 'ट्वीटर', खालचे स्वर देणारा तो भुंकणारा 'वूफर', आणि त्याच्याही खाली उतरणारा तो 'सबवूफर'. या शेवटच्या वस्तूस मराठीत प्रतिशब्द नाही. आमच्या विभागातील एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी चहा पिता पिता 'अधोभुंकक' असा शब्द सुचवला, परंतु परिभाषा कोशातल्या अनेक शब्दांप्रमाणे तोही जन्मतःच निवर्तला. आमच्या घरात मात्र अप्पा त्या वस्तूला पहिल्या दिवसापासून 'खर्जाची पेटी' म्हणतात. 'खर्ज' हे 'षड्जा'चेच घरगुती रूप. तंबोऱ्याच्या शेवटच्या, जाड तारेचे नाव. प्रतिशब्द म्हणून याहून चांगला आम्हांला सुचलेला नाही.

प्रश्न होता तो दोन खर्जपेट्यांतून एक निवडण्याचा. एसव्हीएस या कंपनीच्या एकाच मालिकेतल्या या दोन जुळ्या बहिणी: एसबी-१००० प्रो आणि पीबी-१००० प्रो. दोहोंत १२ इंची पडदा, दोहोंचे ॲम्प्लिफायर ३२५ वॉटचे, दोहोंची पातळी मोबाइलवरून कमीजास्त करता येते. फरक नावातल्या एका अक्षराचा आणि पेटीतल्या एका भोकाचा. पहिली पेटी सर्व बाजूंनी बंद. दुसरीला हवा आतबाहेर करणारे तोंड आहे, आणि त्यामुळे ती आकाराने व वजनाने बरीच मोठी आहे. कागदावर पहिली २० हर्ट्झपर्यंत उतरते, दुसरी १७ पर्यंत. पाठचिकित्सा शिकवणाऱ्या माणसांना असा एकाक्षरी पाठभेद दिसला की स्वस्थ बसवत नाही. आम्ही दोन महिने त्यावर घातले. एवढा वेळ आम्ही आमच्या एम.ए.च्या प्रबंधिकेतील एकाही प्रकरणाला दिला नसेल.

या उद्योगाचे कारण अप्पा. आमच्यापैकी एकीचे ते वडील आणि दुसऱ्याचे सासरे. वय ऐंशीच्या पुढे. तरुणपणी तळकोकणातल्या गावी भजनी मंडळात पखवाजाची साथ करीत. पुढे पोटासाठी भाईंदरला आले आणि स्टीलच्या भांड्यांच्या एका कारखान्यात तीस वर्षे राबले. भाईंदरच्या मिठागरांविषयी लिहिलेले पुष्कळ वाचायला मिळते. तिथल्या पत्रा ठोकणाऱ्या, घासणाऱ्या, पॉलिश करणाऱ्या गाळ्यांविषयी त्या मानाने फारच थोडे. त्या गोंगाटाचा कानावर होणारा परिणाम ठरलेला असतो. आधी ४००० हर्ट्झच्या आसपासचे ऐकू येणे कमी होते. मग वय आपला वाटा घेते, तोही वरूनच. उंच स्वर आधी जातात, खालचे शेवटपर्यंत टिकतात.

भाषाविज्ञानाच्या तासाला आम्ही वर्षानुवर्षे सांगत आलो आहोत की स्वर स्वतंत्रपणे उच्चारता येतात आणि व्यंजनांना स्वरांचा आधार लागतो. अप्पांच्या कानात हा सिद्धान्त शब्दशः उतरला आहे. स्वरांची बहुतेक शक्ती खालच्या कंपनसंख्यांत असते. स, श, फ, ट ही अघोष व्यंजने ओळखण्याच्या खुणा २००० हर्ट्झच्या वर. त्यामुळे 'साथ', 'हात' आणि 'भात' हे अप्पांना सारखेच. जेवायला बसलेल्या माणसाला 'भात' म्हटलेले कळते, कारण समोर भात असतो. दूरध्वनीवर तेच कळत नाही. श्रवणयंत्र आहे, आणि बोलणे समजण्यासाठी ते उपयोगी पडते. पण गाणे त्यातून पत्र्यासारखे वाजते. 'पत्रा आयुष्यभर ऐकला, आता नको,' असे म्हणून गाणे ऐकताना अप्पा ते काढून ठेवतात. मग उरतो तो तंबोऱ्याचा खर्ज आणि पखवाजाचे डावे अंग. घरातल्या जुन्या लहान स्पीकरांना नेमके तेच झेपत नव्हते.

लॅमिंग्टन रोडवरच्या ज्या दुकानात दोन्ही पेट्या शेजारी शेजारी ऐकायला मिळाल्या, तेथे प्रथम एका इंग्रजी चित्रपटातला स्फोट ऐकवण्यात आला. खुल्या पेटीने काचेचे दार थरथरले. विक्रेता म्हणाला, 'सर, बंदवाल्यात ही मजा नाही.' ते खरेच होते. २० आणि १७ यांमधले तीन हर्ट्झ म्हणजे स्फोट, भूकंप, डायनोसॉरची पावले आणि चर्चमधल्या अजस्र ऑर्गनचे लांब नळे. आमच्या घरात यांपैकी काहीही वाजत नाही. गायकाने काळी एक ही पट्टी घेतली तर तंबोऱ्याची खर्जाची तार ६९ हर्ट्झच्या आसपास बोलते. डग्ग्याचा घुमारा शंभराच्या मागेपुढे. पखवाजाच्या डाव्या तोंडावर भिजवलेली कणीक थापतात ती चामड्याला वजन देऊन स्वर खाली आणण्यासाठी. तोही विशीत उतरत नाही. ज्या तीन हर्ट्झसाठी ती मोठी पेटी घ्यायची, त्या तळमजल्यावर आपल्या संगीताचे कोणी राहतच नाही.

विक्रेत्याला आम्ही विनंती केली की दोन्हींची पातळी समान करावी. जो आवाज किंचित मोठा तो कानाला चांगला वाटतो, मग त्यात गुण असो वा नसो (वक्तृत्वस्पर्धांचे परीक्षक म्हणून हे आम्ही पुष्कळ अनुभवले आहे). पातळी सारखी झाल्यावर पेन ड्राइव्हवरून आणलेला भीमसेन जोशींचा अभंग लावला, आणि आम्हां दोघांनाही फरक सांगता येईना. अप्पा टॅक्सीने आमच्यासोबत हट्टाने आले होते. त्यांनी श्रवणयंत्र खिशात टाकले, चपला काढल्या, एक तळवा बंद पेटीवर व मग खुल्या पेटीवर ठेवला, आणि तीन वेळा अभंग पुन्हा लावायला सांगितला.

'ही जास्त घुमते,' खुल्या पेटीवर हात ठेवून ते म्हणाले. आणि मग बंद पेटीकडे बोट दाखवून, 'पण हिचा हात लवकर उचलतो.'

तंत्रज्ञ हेच लांबण लावून सांगतात. खुल्या पेटीतली हवा माठाच्या तोंडातल्या हवेप्रमाणे एका ठरावीक स्वराला घुमते. त्या स्वराजवळ थोड्या कष्टात मोठा आवाज मिळतो. पण पडदा थांबला तरी ती हवा लगेच थांबत नाही, आणि त्या स्वराच्या खाली आवाज एकदम कोसळतो, सप्तकामागे सुमारे २४ डेसिबल. बंद पेटीतली कोंडलेली हवा स्प्रिंगप्रमाणे पडद्याला आवरते. तिचा उतार सौम्य, सप्तकामागे १२ डेसिबल. तबल्यातल्या बंद बाजाचा आणि खुल्या बाजाचा वाद जाणकारांना ठाऊक आहे. अप्पांच्या हाताला हा भेद शास्त्राविना कळला. एवढे खरे की पखवाज वाजतो खुल्या अंगाने, पण घडणीने तो बंद पेटीच आहे. दोन्ही तोंडे चामड्याने मढवलेली. डग्गाही तसाच. वरून मढवलेला, खालून बुजलेला.

येथे एक गोष्ट नोंदवून ठेवावीशी वाटते, कारण संग्रहाच्या नादी लागलेले आमचे मित्र ती सहसा मान्य करीत नाहीत. खर्जपेटी आणली म्हणजे जुने गायक 'पूर्ण' ऐकू येतील ही समजूत निराधार आहे. भारतात ग्रामोफोन कंपनीचे ध्वनिमुद्रण कलकत्त्यास १९०२ साली सुरू झाले. विद्युत ध्वनिमुद्रण १९२५ साली आले, तोपर्यंत गायक एका कर्ण्यात गात आणि त्या कर्ण्याला साधारण २५० ते २५०० हर्ट्झ एवढाच पट्टा पेलत असे. बालगंधर्वांच्या सुरुवातीच्या तबकड्यांवर डग्गा जवळजवळ नाहीच; आहे ती टिचकी. जे कोरलेच गेले नाही ते कोणती पेटी कोठून आणणार? आम्ही घरी हा प्रयोग केला. पेटी गप्प राहिली. बोलली तेव्हा तबकडी फिरवणाऱ्या यंत्राची घरघर आणि विजेची पन्नास हर्ट्झची गुणगुण तेवढी मोठी करून दिली. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ ते १९६६ चालले. हस्तलिखितांना जे ठाऊक नाही ते संपादकाने आपल्या पदरचे घालू नये, ही तिने घालून दिलेली शिस्त. ध्वनीच्या बाबतीत ती पाळणारे फार कमी. जुन्या तबकडीवर नवा घुमारा चढवून 'पुनरुज्जीवित' म्हणून विकणे हे आम्हांला प्रक्षेपाचेच काम वाटते.

बंद पेटी घेतली. निर्णयात अप्पांच्या तळव्याइतकाच वाटा आमच्या खोलीचा होता. मीरा रोडच्या सर्वसाधारण इमारतीतला सर्वसाधारण हॉल: चौदा फूट बाय दहा. ४० हर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे २८ फूट, म्हणजे हॉलच्या बरोबर दुप्पट. त्यामुळे तो स्वर समोरासमोरच्या भिंतींत अडकून उभा राहतो. दहा फुटांच्या बाजूने तेच ५६ ला होते. त्याहून खालचे स्वर लहान खोली आपोआप फुगवून देते, आणि बंद पेटीचा सौम्य उतार त्या फुगवट्याने जवळपास भरून निघतो. मोठी पेटी मोठ्या दिवाणखान्यासाठी आहे. आमच्याकडे ती एखाद्या प्रचंड विशेषणासारखी झाली असती.

पेटी कोठे ठेवावी हे ठरवण्याची एक मान्यताप्राप्त पद्धत आहे आणि ती विनोदी आहे. ऐकणाऱ्याच्या खुर्चीवर पेटी ठेवायची, आणि ऐकणाऱ्याने जमिनीलगत कान नेऊन खोलीभर रांगायचे. जेथे खर्ज सर्वांत समतोल लागेल तेथे पेटीचे स्थान. एका रविवारी सकाळी आम्ही दोघे कपाटापासून टीव्हीपर्यंत गुडघ्यांवर रांगत असताना अप्पा आतल्या खोलीतून आले.

'काय हरवलं गं?'

'खर्ज शोधतोय, अप्पा!'

'काय?'

'खर्ज!'

'अर्ज? मग खाली कशाला बघता?'

तो शेवटी सापडला खिडकीच्या डाव्या अंगाला, जिथे पाण्याचा माठ असे. माठ स्वयंपाकघरात गेला.

राहता राहिले खालच्या मजल्यावरचे गृहस्थ. ते रात्रपाळी करून सकाळी झोपतात. अप्पांची अभंगाची वेळ नेमकी सकाळची. भिंत आणि स्लॅब उंच स्वर चांगले अडवतात; स्वर जितका खाली जाईल तितकी त्यांची अडवणूक लंगडी पडते. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, परंतु ते मोजमाप मानवी कानाच्या नमुन्यावर बेतलेले असल्यामुळे खालच्या स्वरांना त्यात मुळातच कमी गुण मिळतात. थोडक्यात, नियमात बसूनही शेजाऱ्याची झोप मोडता येते. नवरात्रात आणि गणपतीत आपण सगळे मिळून ती मोडतोच. तेव्हा तक्रारीला एकच पत्ता नसतो. येथे पत्ता आमचा होता.

पेटीखाली जाड रबराचे पाय लावले, आवाज नेहमीच्या पातळीवर ठेवून अप्पांना खुर्चीत बसवले आणि आम्ही दोघे खाली गेलो. वहिनींनी दार उघडले, चहा ठेवला. त्या म्हणाल्या, 'अहो, त्रास असा काही नाही. फक्त कळत नाही काय चाललंय ते.' आम्ही पंख्याकडे पाहत बसून राहिलो. वरून धुम् येत होते, थोड्या अंतराने पुन्हा धुम्, त्यामागे एक लांब, गोल, कशाचाच नसलेला स्वर. शब्द नाहीत, टाळ नाहीत, कोणता अभंग तेही कळेना; आम्हीच लावून आलो होतो म्हणून ठाऊक. श्रवणयंत्र काढल्यावर अप्पांना काय ऐकू येते हे आम्ही डॉक्टरांकडच्या आलेखावर पुष्कळदा पाहिले होते. आलेखाची ती उतरती रेघ त्या परक्या हॉलमध्ये छतातून खाली येत होती. कप रिकामे झाले तरी आम्ही उठलो नाही. वहिनींनी विचारले, 'मोठा येतोय का?' आम्ही म्हणालो, 'नाही, ऐकतोय.'

गृहस्थ साडेअकराला उठतात असे कळले. अभंग आता बाराला लागतो. सकाळी नुसता तंबोरा, तोही पेटी बंद करून, लहान स्पीकरांवर. तो अप्पांना ऐकू येत नाही, पण चालू आहे एवढे त्यांना दिव्यावरून दिसते. बाराच्या अभंगासाठीही पेटीची पातळी चार डेसिबलांनी खाली आणली आहे. अप्पांनी त्याविषयी काही विचारले नाही. खुर्ची दीड फूट पुढे ओढून घेतली, आणि आता ते एक पाऊल उघडेच पेटीला टेकवून बसतात.