भोजलीमावशी

छत्तीसगडच्या खेड्यांत कार्तिकात शक्यतो लग्न काढत नाहीत. तिकडची लग्नं धान घरात आल्यावर, माघ-फाल्गुनात, नाहीतर अक्षय्य तृतीयेला, म्हणजे त्यांच्या अक्तीला. माझं लग्न मात्र 1996च्या नोव्हेंबरात ठरलं, तुळशीची लग्नं लागताच पहिल्या मुहूर्तावर, आणि तेही भिलाईहून उतईच्या पुढे असलेल्या आमच्या शेतावर. स्वर्णा धान नेमकं त्याच दिवसांत कापणीला येतं. माणूस मिळणं मुश्कील. तरी मांडव उभा राहिला, तो भोजलीमावशीमुळे.

4 फेब्रुवारी 1959ला राजेंद्रप्रसादांच्या हस्ते भिलाईची पहिली झोतभट्टी सुरू झाली, तेव्हा बाबा कारखान्यात नुकते लागले होते. पुढे आई अमरावतीकडून लग्न होऊन सेक्टरातल्या क्वार्टरमध्ये आली. ना भाषा येत होती, ना ओळखीचं कुणी होतं. मावशी दारावर भाजी घेऊन यायची. एका वर्षी राखीच्या दुसऱ्या दिवशी ती भाजीऐवजी टोपलीत, अंधारात वाढवलेले गव्हाचे पिवळे कोंब, म्हणजे भोजली, घेऊन आली आणि त्यातले चार तिने आईच्या कानामागे खोचले. दसऱ्याला घटातलं धान आपल्याकडे असंच खोचतात, त्यामुळे आईला ते परकं वाटलं नाही. तिनेही मावशीच्या कानामागे खोचले. असं ‘भोजली बदून’ नातं जोडलेले लोक जन्मभर एकमेकांचं नाव घेत नाहीत. भेटलं की ‘सीताराम भोजली’. जात, भाषा, पगार आड येत नाही, आणि नातं पुढे मुलाबाळांकडे चालतं.

मावशीचं माहेर कारखान्यासाठी जमीन गेलेल्या गावांतलं. ती लहान असतानाच त्यांचं बिऱ्हाड तिच्या मामाच्या गावी गेलं. हे तिने आमच्यापाशी कधी काढलं नाही, मला पुष्कळ मोठेपणी कळलं. त्याच कारखान्याच्या पगारावर आमची शिक्षणं झाली, निवृत्तीच्या पैशातून हे शेत झालं. मावशीचं आमच्यावर ऋण आहे असं मी म्हणते, ते इथपासून.

लग्नाच्या आठवड्यात ती सुना-जावांना घेऊन आली. धान झोडायचा बियारा त्यांनी शेणाने सारवला, भिंतींना छुहीची पांढरी माती दिली. पुरुषांनी बांबू रोवून वर जांभळाच्या डहाळ्या घातल्या. मुहूर्तमेढीला उंबराची फांदी हवी म्हणून बाबा काळजीत होते. मावशीच्या नवऱ्याने ती न मागता आणली होती, कारण त्यांच्या मांडवातही उंबरच लागतो. पळसाची पानं टाचून पत्रावळी लावणं रात्री उशिरापर्यंत चाले. आईचं लक्ष राहून राहून आभाळाकडे. मावशीच्या स्वतःच्या शेतात कापलेल्या धानाचा करपा वाळत पडला होता, भारे बांधायचे बाकी होते. आई म्हणाली, आधी तुमचं उरकून घ्या. मावशीने पानातली काडी दातांनी तोडली आणि म्हणाली, “नोनी के बिहाव हे, भोजली. धान तो हर बछर होथे.”

मग चुलमाटी निघाली. ती आमच्यात नाही, पण मावशीची इच्छा आईने मोडली नाही. तळ्याच्या काठी पहारीने माती खणली, बायकांनी खणणाऱ्याची गाण्यांतून यथेच्छ थट्टा केली, आणि ओली, काळी ढेकळं मावशीने पदरात झेलली. त्या मातीची चूल मांडवाच्या मागे घातली. नागपूरहून दुर्गला उतरलेल्या वऱ्हाडाचा पहिला चहा तिच्यावर झाला. सासरच्या एका वडीलधाऱ्या बाईंनी ही यजमानीण कोण म्हणून विचारलं. आई म्हणाली, “माझी बहीण.”

लग्नाच्या आदल्या रात्री पाऊस आला. फार नाही, पण करपा भिजायला पुरेसा. मावशी जागची हलली नाही. मांडवावर ताडपत्री ओढून घेत होती. तिचं बरंचसं धान काळं पडलं आणि पडत्या भावाने गेलं, हे आम्हाला सांगितलं ते तिच्या मुलाने, तेही पुढच्या वर्षी. बाबा पैसे घेऊन गेले. तिने पाणी दिलं, खायला दिलं, पैशांकडे बघितलंसुद्धा नाही. बाबा परत आले ते अस्वस्थ होऊन. मला वाटतं, नोकरदार माणसाला देणं फेडून मोकळं व्हायचं असतं, आणि मावशीला आम्ही मोकळं व्हायलाच नको होतो.

त्या हंगामापासून बाबांनी एवढं केलं की तिचं धान आमच्या बियाऱ्यात आधी झोडलं जायचं, आमचं मागून. आता आई-बाबा नाहीत, शेत मावशीचा मुलगाच करतो. वाट्याचं धान तो सोसायटीत घालतो, आणि दुबराज तांदळाची एक गोणी दुर्ग स्टेशनवरून माझ्याकडे पाठवतो. येत्या अक्तीला त्याच्या मुलीचं लग्न आहे. माती पदरात घ्यायला मीच हवी, असं मावशीने फोनवर बजावलं आहे. मी आठ दिवस आधी जाणार आहे. पत्रावळी अजून मला नीट टाचता येतात.