पट, फासा आणि माझी घाई

खेळातून अंक येतात, हे मी आमच्या केंद्राच्या शिक्षण परिषदेत अनेकदा ठामपणे सांगितलं आहे. हिंगोली जिल्ह्यात कळमनुरी तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत पहिली-दुसरीचा जोडवर्ग माझ्याकडे आहे. तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला वाचता यावं आणि साधी आकडेमोड जमावी, यासाठी ५ जुलै २०२१ ला निपुण भारत अभियान सुरू झालं आणि आमच्या वर्गांत खेळ वाढले. ते चांगलंच झालं. माझ्या वर्गात मात्र मुलं रोज खेळत होती आणि त्यांतली बरीच अंकांच्या बाबतीत होती तिथंच होती. याचं कारण मुलांमध्ये शोधण्यात मी फार वेळ घालवला. कारण माझ्याजवळ होतं.

पहिली चूक सापशिडीची. पहिलीत नुकत्याच आलेल्या मुलांपुढे मी शंभर घरांचा पट मांडला. त्यात पहिली ओळ डावीकडून उजवीकडे जाते, दुसरी उलटी येते. पंधराच्या पुढचं घर कोणत्या बाजूला, हेच मुलांना उमगेना. तेवढ्यात साप त्यांना खाली आणायचा. पुढं जाऊ तसा आकडा वाढत जातो, ही सगळ्यात मूळ गोष्ट त्या पटावर दिसतच नव्हती. सापशिडी वाईट नाही; मी ती फार लवकर आणली.

गीता रमाणी आणि रॉबर्ट सीग्लर या दोन संशोधकांनी २००८ साली अमेरिकेतल्या गरीब घरांतल्या बालवाडीच्या मुलांबरोबर एक अगदी साधा खेळ घेतला होता. एका सरळ रेषेत दहा घरं, त्यांवर १ ते १० अंक, आणि फिरकीवर फक्त एक किंवा दोन. दोन आठवड्यांत चार वेळा, दर वेळी पंधरा-वीस मिनिटं. तेवढ्यानं मुलांची मोजणी, अंक ओळखणं आणि लहानमोठा आकडा सांगणं सुधारलं. अंकांऐवजी नुसते रंग असलेल्या पटावर खेळलेल्या मुलांत तो फरक पडला नाही. पुढं त्यांनी गोल पटही वापरून पाहिला. सरळ पटाचा फायदा जास्त होता. हे वाचल्यावर मी व्हरांड्यात खडूनं दहा घरं आखली. खोडरबराचा फासा केला, त्यावर एक ते तीन ठिपके दोन-दोनदा काढले.

तरीही माझं चुकतच होतं. सातवर उभ्या मुलाला तीन पडले की तो ‘एक, दोन, तीन’ म्हणत दहावर जायचा आणि मी शाबासकी द्यायचे. आठ, नऊ, दहा हे शब्द त्याच्या तोंडून निघालेच नव्हते. त्यानं तीन पावलं मोजली, पण आपण सातच्या पुढं गेलो हे त्याला कळलंच नाही. सीग्लर यांच्या पुढच्या एका अभ्यासातही हेच दिसलं: उभ्या घरापासून पुढचे आकडे मोठ्यानं म्हणणाऱ्या मुलांना फायदा होतो, दर वेळी एकपासून मोजणाऱ्यांना फारसा होत नाही. नियम एवढासाच, पण सगळा खेळ त्यावर आहे.

पट तीसपर्यंत वाढवला तेव्हा मुलं अठ्ठावीसनंतर ‘नववीस’ म्हणू लागली. २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात वीस एक, वीस दोन असं वाचन आलं तेव्हा महाराष्ट्रभर वाद झाला. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर मुलांची अडचण समजावून सांगत होत्या आणि मी शाळेत त्याविरुद्ध हिरिरीनं बोलत होते. व्हरांड्यातल्या पटावर मुलांना अडखळताना पाहिलं नव्हतं, म्हणून बोलत होते.

बाद करण्याच्या खेळाबद्दल मला आजही वाईट वाटतं. मी अंक सांगायचा, मुलांनी तेवढ्यांचा गट करायचा, चुकेल तो बाहेर. वर्ग गजबजून जायचा. दिवाळीनंतर आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जाऊन उन्हाळ्याच्या तोंडावर परतलेला एक मुलगा दर वेळी पहिल्याच फेरीत भिंतीला जाऊन बसायचा. ज्याला सरावाची सर्वांत जास्त गरज, त्यालाच मी सर्वांत कमी खेळू देत होते. आता आमच्याकडे कुणी बाद होत नाही. गटात कमी पडले तर किती हवेत आणि जास्त झाले तर किती काढायचे, हे सगळ्यांनी मिळून ठरवायचं.

एका मुलीचं मला सांगायलाच हवं. मी फोडलेले चार चिंचोके फासा म्हणून दिले होते: जितके पांढरे वर, तितके गुण. चारही पालथे पडले. ती आनंदानं ओरडली, “मॅडम, आठ पडले!” मी म्हणाले, “एकही पांढरा नाही, म्हणजे शून्य.” ती गप्प झाली आणि मी शून्य शिकवल्याच्या समाधानात राहिले. पुढं एकदा देवळाच्या ओट्यावर तिच्या आजीचा डाव पाहिला. पाच-पाच घरांचा पट. चारही पालथे म्हणजे आठ, चारही उताणे म्हणजे चार, आणि दोन्हींना पुन्हा टाकायला मिळतं. नात आजीशेजारी बसून खेळत होती. आठ पडले तशी तिनं घरं न मोजता सोंगटी थेट समोरच्या घरात ठेवली. बाहेरच्या कडेला सोळा घरं, म्हणून आठ म्हणजे बरोबर समोर आणि चार म्हणजे शेजारच्या बाजूचं घर. पुन्हा टाकल्यावर तीन आले, तर “आठ आन् तीन अकरा”. हीच मुलगी माझ्या नोंदीत ‘बेरीज येत नाही’ या रकान्यात होती.

तो पट आता वर्गात आहे. नियम आजीचेच.

पालकांच्या बाबतीतली चूक अजून निस्तरते आहे. ‘शंभरपर्यंत म्हणून घ्या’ असं मीच वर्षानुवर्षं आयांना सांगितलं. आता मी सांगते की पोळ्या किती लागतील ते पोराला विचारा, सात मिरच्या मोजून आणायला लावा. त्या विचारतात, “पण शंभरपर्यंत कवा म्हणल?” त्यांचा प्रश्न रास्त आहे, तो मीच त्यांच्या मनात घातला. ऊसतोडीला निघालेल्या मुलांसोबत यंदा जुन्या चादरीच्या तुकड्यावर आखलेला पट आणि चार चिंचोके देणार आहे. फडावर धाकट्याला सांभाळायला बहुतेक मोठी बहीणच असते. त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीआधी या ताईंना बोलावून, उभ्या घरापासून पुढचे आकडे मोठ्यानं म्हणायचा नियम त्यांच्याकडून खेळून घ्यायचा आहे.