दुसऱ्याच्या पापाने

मोटारीतील हीटरविषयी महागावात बसून निबंध लिहावयाचा, हे ऐकून कित्येक वाचकांच्या मुखावर स्मित उमटेल. यवतमाळ जिल्ह्यातील वैशाख ज्याने एकदा अनुभवला आहे, त्यास उष्णता देणारे यंत्र जवळ बाळगणारा मनुष्य दयेसच पात्र वाटावयाचा. परंतु सृष्टीच्या कारभारात एकाच ऋतूची सत्ता नसते. दिवाळी उलटून कापसाची वेचणी रंगात आली, की पैनगंगेच्या आणि पूस नदीच्या खोऱ्यांत पहाटे धुके दाटते. आणि महागावाहून आर्णीमार्गे यवतमाळकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, कापसाने लादलेला ट्रॅक्टर अगदी पुढ्यात येईपर्यंत दिसत नाही. अशा वेळी बाहेरच्या धुक्याहून आतले धुके अधिक घातक असते. गाडीत बसलेल्या माणसांचा श्वास थंड काचेवर दवाच्या रूपाने साचतो, आणि जो काही रस्ता दिसत होता तोही नाहीसा होतो. काचेवर उबदार, कोरडा वारा सोडणे हाच यावर खरा उपाय. म्हणून आमच्याकडे हीटर हा हातपाय शेकण्याचा विलास नसून डोळ्यांचा चष्मा आहे, असेच म्हणावे लागते.

हीटर म्हटले की विजेची लाल झालेली तार डोळ्यांपुढे येते. पण पेट्रोल-डिझेलवर चालणाऱ्या बहुतेक मोटारींत प्रकार निराळा असतो. एंजिनास थंड ठेवण्यासाठी त्याच्याभोवती जे पाणी खेळते ते तापते. त्यातले थोडे पाणी डॅशबोर्डाच्या पोटात दडविलेल्या लहानशा रेडिएटरमधून फिरविले जाते, आणि एक पंखा त्यावरून वारा ढकलतो. म्हणजे ऊब फुकटची, एंजिनाने टाकून दिलेली; खर्च काय तो वाऱ्याचा. अमेरिकेतील नॅश कंपनीने १९३८ साली बाहेरची ताजी हवा आत घेऊन ती अशा गरम पाण्याच्या नळ्यांवरून पंख्याने खेळविण्याची व्यवस्था आपल्या मोटारींत आणली. आजची योजना मूलतः तीच आहे. पुढे वातानुकूलन आले, तेव्हा त्याच वाटेवर थंड नळ्यांचे दुसरे जाळे बसले. पंखा मात्र एकच राहिला. वैशाखातला गारवा आणि पौषातली ऊब या दोघींचा भार असा एकाच सेवकाच्या शिरावर आहे. तो सेवक आजारी पडला, की बारा महिने अडचण.

माझी मोटार जुनी आहे. तिच्या वयाचा उच्चार मुलांपुढे केला तर ‘विकून टाका’ हे उत्तर ठरलेले. म्हणून मी तो करीत नाही. माझ्या थोरल्या बहिणीच्या डोळ्यांवर यवतमाळास उपचार चालू असल्यामुळे दर पंधरा दिवसांनी तिला तिकडे नेण्याचे काम या मोटारीकडे आणि माझ्याकडे असते. एके वर्षी हिवाळ्याच्या आरंभी या मोटारीच्या पंख्याने एक विचित्र व्रत धरले. बटणाच्या चार पायऱ्यांपैकी पहिल्या तिन्हींवर तो मौन पाळी. चौथीवर मात्र वादळासारखा सुटे. त्या गर्जनेत बोलणे अशक्य, आणि बंद करावा तर काच आंधळी. एकदा आर्णीच्या अलीकडे ताईने न बोलता पदर पुढे केला आणि माझ्या समोरची काच पुसावयास सुरुवात केली. जिला स्वतःला धड दिसत नाही, ती मला दिसावे म्हणून काच पुसत आहे, हे पाहिल्यावर पंख्याचा प्रश्न माझ्या दृष्टीने गैरसोयीचा उरला नाही.

वास्तविक पंख्याचा हा आजार वैद्यकातील पाठ केलेल्या लक्षणांइतका सुस्पष्ट आहे. पंख्याचा वेग कमी करावयाचा तर त्याच्याकडे जाणाऱ्या विद्युत्प्रवाहाच्या वाटेत अडथळा घालावा लागतो. या कामासाठी तारेची लहान वेटोळी बसविलेली असतात. तिला रेझिस्टर म्हणतात. पहिल्या पायरीवर प्रवाह सगळ्या वेटोळ्यांतून जातो, दुसरीवर त्याहून थोड्या, तिसरीवर आणखी थोड्या. चौथीवर तो त्यांना वळसा घालून थेट पंख्याकडे धावतो. यास्तव पहिल्या तीन पायऱ्या मेल्या आणि चौथी जिवंत राहिली, तर पंखा, फ्यूज आणि त्यांच्यामधली मुख्य तार ही सर्व शाबूत असून रेझिस्टर जळाला आहे, असे घरबसल्या अनुमान करता येते. पर्वतावरचा धूर पाहून अग्नी ओळखणाऱ्या आमच्या नैयायिकांना हे अनुमान आवडले असते.

इतर लक्षणेही अशीच बोलकी आहेत. पंखा चारही पायऱ्यांवर मुका असेल तर प्रथम फ्यूज पाहावा. फ्यूज चांगला असेल, तर पंख्याच्या कपलरापाशी टेस्ट लॅम्प लावून बटण सर्वांत वरच्या पायरीवर ठेवावे. दिवा लागला आणि पंखा हलला नाही, तर दोष पंख्यात. डॅशबोर्डाखाली थाप मारल्यावर तो जागा होत असेल, तर त्याचे कार्बन झिजले आहेत. तो किंचाळत असेल तर बुश कोरडे पडले. खडखडत असेल तर आत काही शिरले. वारा जोराने येतो पण थंडच येतो, अशी तक्रार असेल तर पंखा निर्दोष आहे. मग एंजिनातले पाणी, थर्मोस्टॅट आणि गरम पाण्याची वाट तपासावी. एवढी विचारपूस केल्यावाचून जो पाना हाती घेतो, तो नाडी न पाहता औषध देणारा वैद्य होय.

आता खरी कथा येथून पुढे आहे. एका मोठ्या शहरातील मोटारदुरुस्तीच्या दुकानात माझा रेझिस्टर बदलून मिळाला. निदान अचूक होते, वस्तू नवी होती, पावती छापील होती. सहा आठवड्यांनी पंख्याने पुनश्च तेच व्रत धरले. पुन्हा नवा रेझिस्टर बसला; या खेपेस तो महिनाभरही टिकला नाही. ‘वस्तूच हलकी येते हल्ली,’ असे समाधान मला तेथे देण्यात आले.

अखेर मी आमच्या गावातील एका वृद्ध मिस्त्रीकडे गेलो. मोटारींतील विजेची कामे करण्यात त्याची हयात गेली आहे. त्याने रेझिस्टर काढला, उजेडात धरला, आणि म्हणाला, “सर, हा जळला हे तं दिसूनच राह्यलं. पण काहून जळला, हे कोणं पाह्यलं?” मग तो डाव्या बाजूच्या कप्प्याखाली पाठीवर निजला, तीन स्क्रू सोडवले, आणि पंखाच बाहेर काढला. खारीच्या पिंजऱ्यासारख्या त्या गोल पंख्याच्या पात्यांत कडुनिंबाची वाळलेली पाने अडकली होती, आणि हवेच्या वाटेत कापसाची एक मऊ गादी होती. उंदराने थंडीसाठी आपले बिऱ्हाड थाटले होते. हीटरच्या शेजारी घर करण्यातला त्याचा व्यवहार निर्विवाद होता. मिस्त्रीने बोटाने पंख्याला गती दिली. निरोगी पंखा अशा वेळी सहज काही फेरे घेतो; हा अर्ध्या फेऱ्यातच थांबला. त्याचे बुश सुकले होते. मिस्त्रीने जळका रेझिस्टर माझ्या तळहातावर ठेवला आणि म्हणाला, “हा बिचारा दुसऱ्याच्या पापानं मेला, सर.”

त्या एका वाक्यात जे शास्त्र होते, ते युरोपात सिद्ध होण्यास बराच काळ लागला. विद्युत्प्रवाह आणि अवरोध यांचा संबंध सांगणारा ग्रंथ गेओर्ग ओम याने १८२७ साली प्रसिद्ध केला, तेव्हा तो कोलोन येथील एका विद्यालयात शिक्षक होता. जर्मनीत ग्रंथाचे स्वागत इतके थंड झाले, की त्याने नोकरी सोडली. अवरोधाचे परिमाण आज ज्याच्या नावाने ओळखले जाते, त्याच्याच वाट्याला हा अवरोध यावा, हा दैवाचा विनोदच म्हटला पाहिजे. लंडनच्या रॉयल सोसायटीने कॉप्ली पदक देऊन त्याचा गौरव केला तो १८४१ साली. आणि त्याच वर्षी जेम्स जूल या तरुण इंग्रजाने तारेत उत्पन्न होणाऱ्या उष्णतेचा नियम प्रसिद्ध केला. प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता दुप्पट न होता चौपट होते. प्रवाह दीडपट झाला तर सव्वादोनपट.

हा नियम माझ्या पंख्यास लावून पाहा. बुश सुकल्यामुळे पंखा जड फिरू लागला. जड फिरणारी मोटर अधिक प्रवाह ओढते, आणि तो सारा प्रवाह रेझिस्टरच्या तारेतून जातो; म्हणून तिची उष्णता प्रवाहाच्या वर्गाने चढत गेली. याहून मोठा अन्याय पुढेच आहे. रेझिस्टर हा मुद्दाम हवेच्या वाटेत बसविलेला असतो. पंख्याच्या वाऱ्यानेच त्याने थंड राहावे अशी योजना असते. पाने आणि कापूस यांनी तो वाराच अडविला. ज्याच्यावर भार वाढला, त्याचाच गारवा तुटला. आणि ज्याने संकटाची वर्दी द्यावयाची तो फ्यूज स्वस्थ होता. कारण त्याची मर्यादा चौथ्या पायरीच्या पूर्ण प्रवाहासाठी ठरविलेली असते, आणि खालच्या पायऱ्यांवर वाढलेला प्रवाहही त्या मर्यादेच्या आतच राहतो. कायद्याच्या दृष्टीने काहीही अवैध घडले नव्हते. फक्त एक तार जळत होती.

मिस्त्रीने पाने आणि कापूस काढला, बुशला तेलाचा थेंब दिला, कपलराच्या काळ्या पडलेल्या पिना घासल्या, नवा रेझिस्टर बसविला, आणि हवा आत येण्याच्या तोंडावर बारीक जाळी लावली. रेझिस्टरला बगल देऊन तार जोडण्याची किंवा मोठा फ्यूज घालण्याची युक्ती काही लोक सांगतात. तिचे नाव काढताच तो संतापला. जळण्याची जागा बुजविली तर आग दुसरी जागा शोधते, आणि ती जागा बहुधा माणसाच्या पायापाशी असते. यानंतर दोन हिवाळे गेले. पंखा चारही पायऱ्यांवर आज्ञाधारक आहे.

त्या दिवसापासून मिस्त्रीचा ‘काहून’ माझ्या मनातून जात नाही. आमचे न्यायशास्त्र ज्याला अन्वय-व्यतिरेक म्हणते, ती परीक्षा आम्ही वर्गात शिकवितो. परंतु जळालेली वस्तू हाती आली की तिथेच चौकशी संपविण्याचा मोह विद्वानांसही आवरत नाही. महाविद्यालयात एखादा मुलगा दुसऱ्या वर्षी दिसेनासा होतो. हजेरीपटावर त्याच्या नावापुढे एक रेघ पडते, आणि त्याची जागा पुढल्या वर्षी दुसरा घेतो. रेघ खोटी नसते; माझे पहिले निदानही खोटे नव्हते. पण घरी कोणाचा भार त्याच्यावर आला आणि कोणता वारा त्याचा तुटला, हे रेघेत दिसत नाही.

याच महागाव तालुक्यातील चिलगव्हाण या गावचे शेतकरी साहेबराव करपे यांनी १९ मार्च १९८६ रोजी पत्नी व मुलांसह जीवनयात्रा संपविली. राज्यातील जाहीर झालेली पहिली शेतकरी आत्महत्या म्हणून ती ओळखली जाते. २०१७ पासून दरवर्षी त्या तारखेस अनेक जण एक दिवस अन्नत्याग करतात. माणसाच्या मरणाशी तारेच्या जळण्याची तुलना करणे अविवेकाचे होईल, आणि ती मी करीत नाही. मी तुलना करतो ती चौकशीच्या दोन रीतींची. अशा प्रत्येक प्रकरणावर साहाय्यासाठी ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ असा शेरा सरकारी दप्तरात पडतो. जमीन कोणाच्या नावे होती, कर्ज कोणाचे होते, हे विचारले जाते. ते विचारावेही लागते. परंतु सगळे प्रश्न जो गेला त्याच्यापाशी येऊन थांबतात. जे चाक सुकले होते आणि जी वाट बुजली होती, तिथवर शेरा पोहोचत नाही. आणि तोवर त्याच जागी, त्याच भाराखाली, दुसरा कोणी उभा राहिलेला असतो.

नव्या मोटारींत हे काम संगणकाधीन होत आहे. पुष्कळ गाड्यांत वेटोळ्यांच्या जागी इलेक्ट्रॉनिक नियंत्रक आला आहे, आणि दोषाचा आकडा पडद्यावर उमटतो. ही सोय मोठी आहे, तिची थट्टा करण्याचे कारण नाही. आकडा काय बिघडले ते सांगेल. मिस्त्रीच्या हाताखालचा पोरगा मात्र त्या दिवशी दिव्याचा उजेड धरून उभा होता, आणि म्हातारा त्याला पंखा बोटाने फिरवावयास लावीत होता; एकदा तेल देण्यापूर्वी आणि एकदा नंतर. पोराच्या चेहऱ्यावर दुसऱ्या खेपेस जे हसू आले, ते मी पाहिले. तो फरक बोटाला कळतो, आणि एकदा कळला की ‘काहून’ विचारल्याशिवाय राहवत नाही.